भावजींचे दोष कसे काढले

रविवार, ६ तारीख

आजपासून लिहायचं, कारण बोलायची बंदी झाली आहे. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दाराशी गाठलं आणि म्हणाले, "ताई, यापुढं कुणाबद्दल काही बोलावंसं वाटलं तर आधी घरी जाऊन लिहा. आठवडाभर तसंच राहू द्या. त्यानंतरही बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला." हे सगळं कशावरून, तर पंचकमिटीच्या चिटणिसांच्या बायकोनं प्रार्थनेत जांभई दिली आणि ती मी शेजारणींना दाखवली. जांभई तिची, बंदी माझ्यावर. असो.

मी लोकरीच्या गिरणीत तपासणीला आहे. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोर ओढायचं, नजर फिरवायची, गाठ, तुटका धागा, डाग दिसला की खडू मारायचा. गिरणीत मला 'घार' म्हणतात. माझ्या नजरेखालून गेलेलं ब्लँकेट गिऱ्हाइकाकडून परत आलं, असं अजून झालेलं नाही. देवानंच दिलेली ही देणगी चर्चच्या पायरीवर काढून ठेवायची का, असं पाळकसाहेबांना विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

पण मुख्य गोष्ट पुढंच आहे. त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं आणि भावजींचा विषय काढला. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच गिरणीत मागांचे मेस्त्री आहेत, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, क्वायर बसवतात. हात सोन्याचे आहेत, पण जीभ नको रे बाबा. मागं एका सरावाला बेकरीवाल्याच्या मुलीला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्यापेक्षा आमच्या दाराची बिजागरी सुरात आहे." ती रडत गेली, ती परत आलीच नाही. तिच्या आधी आणखी काही जण गेले. आणि गेल्या आठवड्यात त्यांची बायको, माझी जाऊसुद्धा बॅग भरून बहिणीकडं राहायला गेली. महिनाअखेरीस चर्चच्या नव्या इमारतीची अर्पणाची उपासना आहे, बिशप येणार आहेत, आणि निम्मी क्वायर घरी रुसून बसली आहे. पंचकमिटी भावजींना काढून टाकायच्या गोष्टी करते आहे.

पाळकसाहेब म्हणाले, "ऑर्गन सुटला तर हा माणूस मंडळीतूनच जाईल. ताई, त्यांचे दोष तुम्हीच काढा. घरच्या माणसानं काढलेले बरे. पण हळू, एकांतात, बाहेर बभ्रा होऊ न देता."

दर रविवारी दोष काढू नका म्हणून सांगणारा माणूस मला काढा म्हणतो! शेवटी नजर असलेलं माणूसच लागतं. हळू आणि एकांतात म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. भावजींना सुगावासुद्धा लागू देणार नाही.

बुधवार, ९ तारीख

सरावाला मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसले. विणकाम नुसतं दाखवायला. भावजी फॉर्मात होते. पोस्टमनला म्हणाले, "तुमचा आवाज पत्ता चुकलेल्या पाकिटासारखा फिरतोय." (हे मात्र झकास होतं. मी लोकरीत तोंड लपवलं.) दवाखान्यातल्या नर्सला म्हणाले, "पेशंट झोपवायचा आवाज इथं काढू नका." आणि वरच्या सुरातल्या मुलींना, "गाताय की नुसते ओठ हलवताय? काही येत नाही इकडं." येत नाही कसं? मागच्या बाकावर माझे कान किटले होते. उगाच पोरींना छळायचं.

शिवाय गर्व. कुणी काही विचारलं तर पहिल्या खेपेला उत्तर द्यायचंच नाही, दोनदा, तीनदा बोलायला लावायचं. मी स्वतः पाठीमागून हाक मारली, मानसुद्धा वळवली नाही. तेही लक्षात ठेवलं.

घरी येऊन आमच्या ह्यांना सगळं सांगत होते. हे बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर असतात. दिवसभर बोलून दमतात म्हणे, त्यामुळे घरी तोंडाला कुलूप. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा खुंटीवरचा कोट जास्त बोलतो." हसले नाहीत. विनोद कळायलाही डोकं लागतं.

लेकीचा फोन येऊन गेला म्हणे. नेमकी मी गिरणीत असतानाच करते ती. एवढी शिकली, पण आई कामावरून कधी सुटते ते लक्षात राहत नाही.

शुक्रवार, ११ तारीख

आज माझा अपमान झाला. मुकादम म्हणाले, "घारबाई, दुरुस्तीच्या टेबलावर माणसं कमी पडताहेत, माल अडकलाय. काही दिवस तिकडं बसा." म्हणजे मी! तपासणीत आम्ही खडू मारायचा आणि समोरच्या टेबलावरच्या बायकांनी सुईनं दोष काढायचे, अशी आमच्याकडं कामाची वाटणी आहे. इतकी वर्षं समोरासमोर काढली, पण त्यांच्या बाजूला मी कधी डबा खायलासुद्धा गेले नाही.

तिथली मुख्य म्हणजे सुईबाई. चांगली आडव्या अंगाची, हसली की टेबल हलतं. "या घारे, उतरा खाली," म्हणाली. पहिलीच गाठ मी नखानं ओढली आणि चांगलं बोटभर भोक पडलं. सुईबाईनं त्यातून बोट घालून सगळ्यांना दाखवलं. "गाठ होती तेव्हा निदान वारा तरी आत येत नव्हता." सगळ्या खिदळल्या. तिच्या आडव्या अंगाबद्दल एक चांगलं वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. बंदी आहे म्हणून इथंच लिहिते: ती उठली की खुर्चीला सुट्टी लागते.

सोमवार, १४ तारीख

पंचकमिटीची सभा झाली. मला खास बोलावणं होतं.

सुरुवात मास्तरांनी केली. ते शाळेतून निवृत्त झालेले, कमिटीत सगळ्यांत वडीलधारे. म्हणाले, "आपण न्याय करणारे कोण? ख्रिस्ती माणसानं कुणाला काही म्हणू नये. झालं ते झाकून टाका." चिटणीस उसळले, "आणि बेकरीवाल्याच्या मुलीनं काय करायचं? तिनं रडणं झाकून घ्यायचं? त्यांना काढून टाका, विषय संपवा." दोघं हातघाईवर आले तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "थांबा. ताई, तुम्ही भावजींना भेटलात ना?"

"भेटायची गरजच पडली नाही," मी म्हटलं आणि उभी राहिले. सगळं म्हणून दाखवलं. बिजागरी, पाकीट, उत्तर न देणं, गर्व, जाऊ का गेली, लहानपणी सासूबाईंना उलटून बोलायचे तेसुद्धा. एकही धागा सुटला नाही. पाळकसाहेब अधूनमधून हात वर करत होते. मला वाटलं, शाबासकी.

मग सगळे माझ्या पाठीमागं बघायला लागले. दारात भावजी उभे होते. त्यांनाही सभेला बोलावलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांनी ऑर्गनची किल्ली टेबलावर ठेवली. "वहिनी, नर्सचं राहिलं," एवढंच म्हणाले आणि गेले.

बाकीचे पांगल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "मी तुम्हाला त्यांचे दोष काढायला सांगितलं होतं."

"मग काढले की! एक तरी राहिला का?"

"सगळेच राहिलेत, ताई. होते तिथंच आहेत."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. निर्णय अर्पणाच्या उपासनेपर्यंत लांबवला आहे. मला काही कळेनासं झालंय. सांगितलेलं काम चोख केलं, आणि सगळे माझ्याकडं मीच गुन्हा केल्यासारखं बघत होते.

गुरुवार, १७ तारीख

हे नीट लिहायला हवं.

सकाळपासून माझ्या हातून धागे ओरबाडले जात होते. मी कापडाला शिव्या घालत होते, विणणाऱ्याला, मागाला, आणि मनातल्या मनात माग दुरुस्त करणाऱ्या भावजींनासुद्धा. सुईबाई उठून आली. "सुई दाखव," म्हणाली. नखावरून फिरवली. टोकाला कुसळाएवढी कोर उचकटली होती. "ही घेऊन बसलीस होय? जिथं घालशील तिथं फाडेल. कापडाला बोलू नकोस, आधी ही घासून आण."

घासून आणली. मग म्हणाली, "आता कापड उलटं कर."

"दोष तर सुलट्या बाजूला दिसतोय," मी म्हटलं.

"दिसतो सुलट्या बाजूला, अडकलेला असतो मागं. मागून आजूबाजूचे धागे सैल कर, मग तो आपणहून येतो. अगं घारे, दोष काढायचाय, दाखवायचा नाही!"

माझा हात तिथंच थांबला. दोष काढायचा. पाळकसाहेबांचा शब्दही हाच होता. मी सुईबाईला विचारलं, आपल्या पाळकसाहेबांचं कुणी गिरणीत होतं का? "म्हणजे काय! त्यांची आई ह्याच टेबलावर होती. मला शिकवलं कुणी मग?"

म्हणजे त्यांच्या घरात दोष काढणं म्हणजे कापड धड करून परत देणं. आणि मी, गिरणीत आयुष्य काढलेली बाई, खडू घेऊन धावले. मला इतकी लाज वाटली की कान तापले. देवा, तू जे करू नको म्हणतोस ते मी केलं आणि जे कर म्हणतोस ते करायला मला पाठवलं होतं, ते राहूनच गेलं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "अहो, खरं सांगा, माझी जीभ कशी आहे?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. मग म्हणाले, "धाकट्यासारखी. फक्त तुला ऑर्गन येत नाही."

मी हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "आणि लेक तुझी सुटायची वेळ विसरत नाही. पाठ आहे तिला."

शुक्रवार, १८ तारीख

सुटल्यावर थेट भावजींकडं गेले. खूप वेळ दार ठोठावलं तेव्हा उघडलं. आत रेडिओ बोंबलत होता, मोरीत कपांचा ढीग. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "भावजी, माफी मागायला आले."

"काय?"

पुन्हा म्हटलं. तिसऱ्या खेपेला शेजारणीनंही खिडकी उघडली. तिच्यादेखत म्हटलं, "सोमवारी मी तुमची अब्रू टेबलावर मांडली. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. माझं चुकलं, आणि माझी जीभ तुमच्यापेक्षा बरी नाही."

"झालं? आता जा. पुढच्या सभेची तयारी करा."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. पहिल्या प्रतीचं होतं. गिळलं. मग आत शिरून कप घासायला घेतले, चहाला शिट्टीची किटली गॅसवर ठेवली आणि त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "आता दुसरं. तुमची जीभ वाईट आहे, भावजी. त्या पोरीला तुम्ही रडवलंत. तुमची बायको तुमच्या बोलण्याला कंटाळून गेली. हे मी बाहेर कुठं बोलणार नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय उठणारही नाही."

खूप ओरडले. माझ्या माहेरापर्यंत गेले. मी ऐकून घेतलं. तेवढ्यात किटली शिट्टी मारायला लागली. ती भावजींच्या हाताशी, आणि भावजी ढिम्म. शिट्टी चढत गेली, शेजारणीनं कानावर हात ठेवले, त्यांची पापणी हलली नाही.

मी बोटानं दाखवलं. "भावजी, किटली."

त्यांनी वाफेकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि सगळं अवसान गेलं. "केव्हाची वाजतेय?" म्हणाले.

मागांच्या खडखडाटात कान गेले आहेत. खालचं ऐकू येतं, वरचे सूर गेले. मुलींचे ओठ हलतात आणि काही येत नाही. आता सगळ्यांना कळणार, या भीतीनं ते आधीच ओरडतात, म्हणजे चूक मुलींची ठरते. जाऊलाही सांगितलेलं नाही. "ऑर्गनशिवाय मी कोण आहे, वहिनी?" म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडले. मग डोळे पुसून म्हटलं, "कान गेले याचं मला वाईट वाटतं. पण कान गेले म्हणून पोरींना रडवायचं, याला मी हो म्हणणार नाही."

"मग काय करू?"

"सांगून टाका. आधी माफी, मग कान."

रविवार, २० तारीख

उपासनेनंतर भावजी घरोघर गेले. मी बरोबर होते, पण फाटकाबाहेर आणि तोंड मिटून, असं ठरलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम.

बेकरीवाल्याची मुलगी पीठभरल्या हातांनीच बाहेर आली. भावजी म्हणाले, "माझं चुकलं. तुझा आवाज मला ऐकूच येत नाही, आणि ते लपवायला मी तुला वाईट ठरवलं."

"बिजागरी म्हणालात."

"म्हणालो."

"सगळ्यांदेखत."

"मग सगळ्यांदेखत माफी मागतो."

"बुधवारी येते. नाही मागितलीत तर परत जाईन." वाघीण आहे पोरगी. फाटकाबाहेर मला टाळी वाजवावीशी वाटली.

नर्स म्हणाली, कान आधी दाखवायचे होते, आणि दवाखान्याची वेळच ठरवून दिली. पोस्टमननं मात्र "माफी ठेवा तुमच्यापाशी, मी काही यायचा नाही," म्हणून दार लावलं. पोस्टमनबद्दल मला एक वाक्य सुचलंय. इथंही लिहीत नाही.

जाऊकडं भावजी एकटेच गेले.

गुरुवार, २४ तारीख

काल सरावाला भावजींनी सगळ्यांसमोर माफी मागितली. कारण सांगितलं, पण कारणामागं लपले नाहीत. पाळकसाहेबांनी खिशातून किल्ली काढून ऑर्गनवर ठेवली. जाऊ आली होती. ऑर्गनच्या बाकावर शेजारी बसली. मुली वरच्या सुरात शिरल्या की ती भावजींचा खांदा दाबणार, असं दोघांनी ठरवलं आहे. मी हळूच विचारलं, "घरी कधी येतेस?" म्हणाली, "जाऊबाई, आधी सूर तर जुळू दे."

आज लेकीला मी फोन केला. मीच. तिच्या पडद्यांचा रंग कसा आहे ते विचारलं आणि त्यावर काहीही म्हटलं नाही.

रविवार, २७ तारीख

घरी आल्या आल्या वही उघडली.

नवी इमारत खच्चून भरली होती. बिशप पुढं, पंच त्यांच्या बाजूला, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं पायऱ्यांवर. जाऊची बॅग ऑर्गनच्या बाकाखाली होती. तिथून ती भावजींबरोबर घरी जाणार, हे मी ओळखलं आणि कुणालाही दाखवलं नाही.

अर्पणाचं गीत उभं राहिलं. पहिली दोन कडवी अशी गेली की अंगावर काटा आला. तिसऱ्याला ऑर्गन थांबतो आणि फक्त वरच्या सुरातल्या मुली गातात. नव्या भिंतींमध्ये आवाज घुमत होता. जाऊनं खांदा दाबला, पण भावजींना ती खूण ऑर्गन सुरू करायची वाटली असावी. मुली बरोबर शिरल्या, ऑर्गन त्यांच्यावर येऊन आदळला आणि सगळं विस्कटलं. बेकरीवाल्याची मुलगी थांबली. सगळेच थांबले.

क्वायरनं माना खाली घातल्या. आता काय फटका येतो याची सवयच होती त्यांना. मी बाकाची कड घट्ट धरली.

भावजी उठले. बिशपांकडं नाही, मंडळीकडं वळले. "चूक माझी आहे," म्हणाले. "मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. मुलगी बरोबर होती. अगदी बरोबर होती." मग तिच्याकडं वळून, इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "बाळ, पुन्हा घेशील?"

तिला रडू आवरेना. आणि मास्तर, ते झाकून टाका म्हणणारे मास्तर, काठी टेकत उभे राहिले. "ती एकटीच का? सगळेच घेऊ. ह्यांना ऐकू येईपर्यंत घेऊ!"

तोवर मागून खर्जातला आवाज सुरू झाला होता. बघते तर पोस्टमन, दाराला टेकून उभा, डोळे मिटून गात होता. पत्ता बरोबर सापडला होता त्या आवाजाला. मग चिटणीस, मग त्यांची बायको, तोंड एवढं उघडून, आणि या खेपेला जांभईसाठी नाही. पायऱ्यांवरची मुलं उभी राहिली. आमच्या ह्यांचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. पाळकसाहेब गात होते, बिशप गात होते. भावजी बसले आणि ऑर्गनचे सगळे स्वर मोकळे सोडले. बेकरीवाल्याच्या मुलीनं डोळे पुसले आणि अशी चढली की छप्पर राहतं की नाही असं वाटलं. तिच्यामागं सगळ्या बायका चढल्या. मीसुद्धा. मी भयंकर बेसूर गाते, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडं कुणी वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मी थांबले नसते.

शेवटच्या ओळीला भावजींनी मान वर केली. एक हात पट्ट्यांवर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं जाऊचा हात आपल्या खांद्यावरून उचलला आणि घट्ट धरला. आता तिनं दाबायची गरज नव्हती.

"आलं!" ते बिशपांसमोर, सगळ्या मंडळीसमोर ओरडले. "आलं, ऐकू आलं!"

गीत संपलं होतं. कुणी बसलं नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.